नांदणीची महादेवी आणि वनतारा: टीकेला दिलेल्या उत्तरांचं प्रकरण

कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने, कागदपत्रं आपल्या बाजूने, डॉक्टरांचे रिपोर्टही आपल्या बाजूने, आणि तरी आठवडाभरात त्या संस्थेला एका गावाची क्षमा मागावी लागते, असं रोज होत नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये जामनगरच्या वनताराचं, म्हणजे अंबानींच्या प्राणी केंद्राचं, हे झालं आणि ते करायला लावलं शिरोळ तालुक्यातल्या नांदणीने, तिथल्या मठाची महादेवी हत्तीण वनताराकडे नेल्यावर. तेव्हा सगळ्यांनी बाजू घेऊन झाल्या, पेटा ही प्राणीहक्क संघटना बरोबर की मठ बरोबर, अंबानी चांगले की वाईट, पण प्राणी सांभाळणारी संस्था म्हणून वनताराने टीकेला उत्तर कसं दिलं, कुठल्या उत्तराने लोक अजून भडकले आणि कुठल्याने जरा शांत झाले, हे कुणी नीट मांडलेलं माझ्या बघण्यात नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मागचं थोडं. नांदणीत दिगंबर जैनांचा जुना मठ आहे, स्वस्तिश्री जिनसेन भट्टारक पट्टाचार्य महास्वामी संस्था. १९९२ पासून महादेवी ही हत्तीण तिथे होती, तिला माधुरीपण म्हणतात, आली तेव्हा अगदी लहान होती आणि २०२५ मध्ये ३६ वर्षांची. पूजा असो, मिरवणूक असो, आसपासच्या गावांत हत्ती म्हटलं की नांदणीचाच. शिरोळ, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यात आज तिशी-पस्तिशीत असलेल्या माणसाने लहानपणी पहिला हत्ती बघितला तो बहुतेक हाच असणार. हे आधी सांगायचं कारण की पुढे जे झालं ते 'एका मठाच्या मालकीचा हत्ती' एवढ्यावर समजत नाही.

मग पेटा इंडियाने तक्रार केली. मुद्दे बरेच होते: पाय सडलेत, नखं वाढलीत, सांधेदुखी आहे, काँक्रीटवर साखळीने बांधून ठेवतात, अंकुश वापरतात, आणि वनखात्याच्या नोंदींचा हवाला देऊन पेटाचं म्हणणं होतं की २०१२ ते २०२३ मध्ये तिला परवानगीशिवाय १३ वेळा तेलंगणात नेलं. २०२३ मध्ये तिकडच्या वनखात्याने माहुतावर गुन्हापण नोंदवला होता. प्रकरण निवृत्त न्यायमूर्ती दीपक वर्मांच्या उच्चाधिकार समितीकडे गेलं, समितीने २०२४ च्या डिसेंबरात आणि परत जून २०२५ मध्ये सांगितलं की हत्तीण जामनगरच्या राधे कृष्ण टेंपल एलिफंट वेलफेअर ट्रस्टकडे द्या, म्हणजे वनताराकडेच. मठ हायकोर्टात गेला. १६ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने मठाची याचिका फेटाळली, निकालाचा सूर असा की धार्मिक कामासाठी हत्ती वापरायचा माणसाचा हक्क आणि नीट जगायचा हत्तीचा हक्क यात निवडायचं झालं तर आम्ही हत्तीचा निवडतो, आणि हलवायला दोन आठवडे दिले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुप्रीम कोर्टानेही मठाला दिलासा दिला नाही आणि लगेच हत्तीण गाडीत चढली. गावाने निरोपाची मिरवणूक काढली, लोक ढसाढसा रडले, पोलिसांच्या गाड्यांवर दगडफेक झाली, गुन्हे दाखल झाले.

पायाचा मुद्दा

इथे जरा थांबतो, कारण या सगळ्या भांडणात ज्याच्यावरून सुरुवात झाली तो पायच मागे पडला. हत्तीच्या तळव्यात चरबीची जाड गादी असते, पाय टेकला की ती पसरते आणि तीन-चार टन वजन झेलते. जंगलात हत्ती रोज मैलोन्मैल चालतो, माती, वाळू, चिखल, पाणी, त्यात नखं आणि तळवे आपोआप झिजतात. सिमेंटच्या फरशीवर एकाच जागी उभं ठेवलं की नखं झिजत नाहीत, वाढतात, चिरतात, खाली शेण-मूत ओलं राहिलं की चिरांत जंतू जातात आणि एकदा आत हाडापर्यंत गेलं की मग बरं करणं फार अवघड. बंदिवासातल्या हत्तींच्या मरणाच्या मोठ्या कारणांत पायाचे आजार आणि संधिवात जगभर वरच्या नंबरला आहेत. वरून संधिवात असलेला हत्ती आडवा पडायलाच घाबरतो, कारण एकदा पडला की उठताना सगळा जोर दुखऱ्या सांध्यांवर येतो, म्हणून तो उभ्याउभ्याच झोपतो, म्हणजे पायाला रात्रीसुद्धा सुट्टी नाही. आणि हत्तीण कळपात राहणारा प्राणी, आई-मावश्या-बहिणी अशा गोतावळ्यातला, तो तीस वर्षांवर दुसऱ्या हत्तीशिवाय.

म्हणजे गावाचं प्रेम खोटं होतं का? अजिबात नाही. रोज केळी, गूळ, ऊस घेऊन जाणाऱ्या बाईला हत्तीच्या पायाचा एक्स-रे दिसत नाही, आणि तो तिला दाखवायची जबाबदारी कुणाची होती हाच माझ्या मते या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. दोन वर्षं समिती, कोर्ट, इंग्रजी रिपोर्ट, हे सगळं चालू होतं आणि ज्या गावातून हत्तीण न्यायची त्या गावाच्या चावडीवर मराठीत कुणी येऊन बसून हे समजावलं नाही.

आंदोलन कुठे पेटलं

कोल्हापूरला हे पहिल्यांदा झालं असंही नाही. जोतिबाच्या देवळाला २००७ मध्ये आमदार विनय कोरे यांनी सुंदर नावाचा हत्ती दिला होता, त्याच्या हालांवरून पेटाने मोठी मोहीम चालवली, थेट पॉल मॅकार्टनी या ब्रिटिश गायकापर्यंत, आणि २०१४ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने तो बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. तेव्हाही कोर्टबाजी झाली, पण रस्त्यावर असं कोल्हापूर उतरलं नव्हतं. फरक काय? एक तर सुंदर सात वर्षांचा पाहुणा, महादेवी तीस वर्षांवरची घरची. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, बन्नेरघट्टा हे सरकारी उद्यान, लोकांना उघडं. वनतारा आहे रिलायन्सच्या जामनगर रिफायनरीच्या परिसरात, खाजगी, तिकीट काढून कुणालाही जाता येत नाही. गावाच्या डोक्यात हिशोब सरळ झाला: गरिबाचा हत्ती श्रीमंताने नेला. हा हिशोब कायद्याने चूक असेल, पण तो डोक्यात बसला की कायद्याच्या भाषेतलं कुठलंही उत्तर त्याला पुरत नाही.

आणि लोकांना हत्यारही लगेच सापडलं, ते म्हणजे खिशातलं सिम. जिओ पोर्ट करायची लाटच आली, गावोगावी लोक रांगा लावून नंबर बदलून घेत होते. प्राण्यांच्या कुठल्या शेल्टरवर टीका करताना लोक त्याच्या मालकाच्या मोबाइल कंपनीवर बहिष्कार टाकतात हे दुसरीकडे कुठे झालंय का मला माहीत नाही, पण यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, शेल्टर ज्याच्या पैशावर उभं असतं त्याची सगळी बरी-वाईट पत शेल्टरला चिकटते. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी सह्यांची मोहीम काढली, दोन लाखांवर सह्या राष्ट्रपतींकडे पाठवल्या. ३ ऑगस्टला राजू शेट्टींबरोबर हजारो लोक नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत ४५ किलोमीटर चालत गेले, मूक पदयात्रा. ऊसदराच्या आंदोलनात मुरलेला पट्टा आहे हा, इथे लोकांना रस्त्यावर कसं उतरायचं ते शिकवावं लागत नाही.

वनताराचं पहिलं उत्तर

ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत वनताराची टीम कोल्हापुरात आली, सीईओ विवान करणी स्वतः आले. आणि त्यांचं म्हणणं काय, तर आम्ही ही हत्तीण मागितली नव्हती, हलवायची शिफारसही आमची नाही, कोर्टाने सांगितलं ते आम्ही केलं.

यातलं प्रत्येक वाक्य कागदावर टिकणारं आहे. पण 'कोर्टाने सांगितलं' हे जजला द्यायचं उत्तर आहे. गाव काही विचारत नव्हतं की आदेशावर सही कुणाची, गाव विचारत होतं की आमची महादेवी परत येणार का, आणि आम्हाला न विचारता हे कसं झालं. शिवाय या उत्तरात एक छुपी अडचण आहे, तुम्ही म्हणताय आमचा यात काही हात नाही, मग तुमच्या हातात काही बदलायचंही नाही, म्हणजे तुमच्याशी बोलून काय फायदा? समोरच्याने इतक्या लांबून येऊन हेच सांगायचं असेल तर तो आला कशाला असं लोकांना वाटणारच.

त्याच्याबरोबर दुसरं उत्तर चालू होतं ते व्हिडिओ आणि फोटोंचं. महादेवी मोकळ्या जागेत, तिच्यावर उपचार, तब्येतीबद्दल माहिती. हेतू चांगला असेल, पण टायमिंग बघा, इकडे निरोपाच्या वेळी हत्तिणीच्या डोळ्यातून पाणी येतंय असे रील लाखांनी फिरतायत आणि तिकडून चकचकीत व्हिडिओ येतोय. तो लोकांना जाहिरातच वाटला. (आता त्या अश्रूंचं शास्त्र असं की हत्तीच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळीच त्याच्यात नसते, त्यामुळे ते एरवीही गालावर ओघळतं. पण त्या आठवड्यात नांदणीत जाऊन हे कुणी सांगितलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.) व्हिडिओतून एकच कळतं की आजचा दिवस चांगला आहे. लोकांना हवं होतं ते आधी काय होतं आणि आता काय आहे याची तुलना, तीही ज्याच्यावर आपला विश्वास आहे अशा माणसाच्या तोंडून.

६ ऑगस्ट

५ ऑगस्टला मुख्यमंत्री फडणवीसांनी मुंबईत बैठक घेतली आणि सांगितलं की मठ सुप्रीम कोर्टात फेरविचार याचिका करेल, सरकारही त्यात उतरेल. दुसऱ्या दिवशी वनताराचं नवीन निवेदन आलं आणि सूर पार बदललेला. मठ आणि सरकार महादेवीला परत आणण्यासाठी जो अर्ज करतील त्याला आमचा पाठिंबा. नांदणी परिसरातच तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभं करायला मदत करायची तयारी. आणि कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

सोशल मीडियावर सगळ्यांनी या क्षमेवरच चर्चा केली. एक बारकावा मात्र राहिला, मिच्छामि दुक्कडम् हे मुख्यतः श्वेतांबरांच्या, म्हणजे गुजरातकडच्या वळणाचं, दिगंबर मंडळी क्षमावाणीला, म्हणजे क्षमा मागायच्या दिवशी, एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात. मसुदा जामनगरला तयार झालाय हे दिसतंच. पण गावाने ते काही मनावर घेतलं नाही, भावना पोचली, आणि मठानेही सहकार्याची तयारी दाखवली. माझं मत विचाराल तर क्षमेपेक्षा केंद्राच्या प्रस्तावाने जास्त काम केलं.

कारण त्या प्रस्तावात नुसतं 'बघू, करू' नव्हतं. पायावरचा भार पाण्याने हलका व्हावा म्हणून हायड्रोथेरपीचं तळं, पोहायला वेगळं मोठं पाणी, लेझर थेरपी आणि उपचाराची खोली, रात्रीचा निवारा, साखळीशिवाय फिरायला मोकळी जागा, रबराची फरशी, आणि मऊ वाळूचे ढिगारे, ज्याला टेकून संधिवाताचा हत्ती आडवा पडू शकतो आणि उठू शकतो. वरचा पायाचा भाग परत वाचा, प्रत्येक दुखण्याला इथे एक एक उत्तर आहे. तोपर्यंत भांडण असं होतं की जामनगर म्हणजे उपचार आणि नांदणी म्हणजे हाल, नाहीतर नांदणी म्हणजे माया आणि जामनगर म्हणजे कैद. प्रस्तावाने पहिल्यांदा जागा आणि देखभाल वेगळी केली, तळं नांदणीतही खणता येतं हे मान्य केलं, आणि मठालाही न बोलता मान्य करावं लागलं की पूर्वीसारखी फरशी आणि साखळी आता चालणार नाही. दोघांनाही मागे सरकायला जागा मिळाली.

पण मग एक प्रश्न राहतोच आणि तो मी त्या दिवसांत फार कुणी विचारलेला पाहिला नाही. हे ऑगस्टमध्ये शक्य होतं तर जूनमध्ये का नव्हतं? समितीसमोर, हायकोर्टासमोर हाच आराखडा ठेवून 'डॉक्टर आमचे, जागा तुमची, देखरेख सरकारची' असं म्हणता आलं असतं. बाजू म्हणून मठाचीही यात चूक आहे, इतकी वर्षं हातात असताना त्यांनी स्वतः तळं का नाही केलं, पैसे तर नंतर लोकांनी कितीही दिले असते. आणि जाहीर झालेल्या त्या यादीत सोबतीच्या हत्तीबद्दल मला काही दिसलं नाही. तळं, वाळू, लेझर सगळं आलं, पण एकटेपणाचं काय? यावर पेटाच्या बाजूचे लोक बोट ठेवतात ते बरोबरच आहे. पुढे विषय परत उच्चाधिकार समितीकडेच गेला.

दुसरी टीका, दुसरं उत्तर

नांदणीच्या आधीपासून वनतारावर टीका होत होती ती वेगळ्या लोकांची आणि वेगळ्या कारणांनी: इतके परदेशी प्राणी कुठून आणि कसे आणले, दक्षिण आफ्रिकेतल्या वन्यजीव संघटनांचा आक्षेप, जर्मन वृत्तपत्राची शोधबातमी, अरुणाचल-त्रिपुरातून ट्रकने आलेले हत्ती. आता गंमत बघा, दीपक वर्मांची ती उच्चाधिकार समिती मुळात २०२२ मध्ये त्रिपुरा हायकोर्टाने नेमली तीच याच ट्रस्टकडे हत्ती नेण्यावरून झालेल्या याचिकेत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचं काम देशभर वाढवलं. म्हणजे ज्या संस्थेकडे जाणाऱ्या हत्तींवर नजर ठेवायला समिती जन्मली तीच समिती आता हत्ती त्या संस्थेकडे पाठवते. यात बेकायदा काही नाही, देशात शेकडो हत्ती एका वेळी सांभाळायची सोय दुसऱ्या कुणाकडे फारशी नाही हेही खरं, पण लांबून बघणाऱ्याला हे कसं दिसतं याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

या टीकेला वनताराला स्वतः फार उत्तर द्यावं लागलं नाही, कोर्टानेच दिलं. २५ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली एसआयटी नेमली, त्यात मुंबईचे माजी पोलिस आयुक्त हेमंत नगराळेही होते. १२ सप्टेंबरला अहवाल आला, १५ सप्टेंबरला न्यायमूर्ती पंकज मिथल आणि प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने तो स्वीकारला: नियमभंग आढळला नाही. तीन आठवड्यांत सगळं. पूर्ण अहवाल सीलबंद, लोकांना सारांश. आणि बदनामी करणाऱ्यांवर कारवाई करायचा मार्ग वनताराला मोकळा ठेवला. नंतर वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या सचिवालयाचे लोक येऊन गेले, त्यांनी सोयींचं कौतुक केलं पण आयातीच्या कागदपत्रांची नीट खात्री होईपर्यंत नवे परवाने थांबवा असं सुचवलं, आणि नोव्हेंबरात समरकंदच्या बैठकीत ती सूचना काही टिकली नाही.

क्लीन चिट ही क्लीन चिट आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण शेल्टर म्हणून बघा, नांदणीला उत्तर देताना वनतारा गावात आलं, काय बांधणार ते सांगितलं, क्षमा मागितली, आणि आयातीच्या प्रश्नांना उत्तर देताना सीलबंद पाकीट पुरेसं मानलं. पहिल्या ठिकाणी लोकांकडे सिमकार्ड होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं, एवढाच फरक मला तरी दिसतो.

बाकीच्यांनी यातून काय घ्यायचं

गावोगावी भटक्या कुत्र्यांची, जखमी गायींची, सापांची छोटी केंद्रं चालवणारे लोक मला विचारतात की आमच्याकडे ना अंबानींचा पैसा ना पीआर टीम, आम्हाला याचा काय उपयोग. आहे की. तुमच्याकडेही कधीतरी कुणी कोपऱ्यातल्या हाडकुळ्या कुत्र्याचा व्हिडिओ काढून टाकणार आणि रात्रीत हजार लोक शिव्या घालणार. तेव्हा 'आम्ही नियमाप्रमाणेच केलं' हे पहिलं वाक्य नको. तो कुत्रा आला त्या दिवशीचा फोटो, वजनाची नोंद, डॉक्टरचा कागद, हे आधीपासून तयार असेल तर तेच पहिलं उत्तर. आणि ते बाहेरच्या डॉक्टरने सांगितलेलं असलं तर अजून बरं, आपल्या पगारावरचा माणूस कितीही खरं बोलला तरी लोक अर्धंच धरतात.

महादेवीच्या बाबतीतही हे कठीण नव्हतं. जूनमध्ये शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचे दोन आणि परळचा एक डॉक्टर घेऊन नांदणीत यायचं, मठासमोर तिचे पाय सगळ्यांना दाखवायचे, मराठीत लिहिलेला रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, मग जामनगरला गेल्यावर दर महिन्याला त्याच डॉक्टरांनी तिथे जाऊन त्याच पायांचे फोटो आणि एक्स-रे परत त्याच फळ्यावर लावायचे. माहुताला आणि मठातल्या दोघा-तिघांना सोबत न्यायचं, राहू द्यायचं, बघू द्यायचं. तरीही लोक रडले असते, पदयात्राही कदाचित निघाली असती. पण भांडण पायावरून झालं असतं, आणि पाय सुधारतोय की नाही हे दर महिन्याला त्या फळ्यावर गावातल्या कुणालाही बघता आलं असतं.